दोन गाठींचा दोर

सोनपेठच्या अलीकडं गोदावरीला लागून एक गाव आहे. तिथं नागप्पाला नागप्पा म्हणणारी दोनच माणसं होती, त्याची आई आणि बायको. बाकी सगळे जरीबवाला म्हणत. निजाम सरकारच्या बंदोबस्त महकम्यात, म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यात, तो जमीन मोजायची लोखंडी साखळी ओढायचा, आणि त्या साखळीला जरीब म्हणतात. कामाला चोख माणूस, बोलायला मात्र धोंडा. पोखर्णीची जत्रा कशी झाली असं विचारलं तर रस्ता किती लांब आहे ते सांगणार. अशा माणसाशी संसार करायला गंगम्माच पाहिजे होती. दोघांचं बोलणं ती एकटी बोलायची.

जेवताना कधी त्याची कळी खुललीच तर तो कामाचं सांगे. एखाद्या जागेवर खूण टिकण्यासारखी नसली की दोन पक्क्या खुणांपासून तिचं अंतर घेऊन ठेवायचं. पुढं जागा हवी झाली की पहिल्या खुणेशी दोरीचं टोक धरायचं, तेवढ्या अंतरानं गोल फिरून रेघ मारायची. मग दुसऱ्या खुणेपासून तसंच. दोन गोल एकमेकांना जिथं कापतील तिथं आपली जागा. कापतात ते दोन ठिकाणी, पण खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे बघणाऱ्याला कळतंच. त्याची आई चन्नबसम्मा भाकरी थापता थापता हे ऐकायची. तिनं ते ध्यानात ठेवलं, हे पुढं कळलं.

फसली तेराशे अठ्ठेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात नागप्पाचा तळ चुडाव्याला होता. इकडं गंगम्माला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. तिचा भाऊ शिवरुद्र आगगाडीनं चुडाव्याला पोचला तेव्हा नागप्पा रुळाच्या कडेचं शेत मोजत होता. त्यानं ऐकून घेतलं. मग उरलेली साखळी ताणली, दगडाशी नेली, आकडा ओरडून सांगितला. मोजणीवरचा साहेब म्हणजे अमीन, त्याला कळलं तेव्हा त्यानं नागप्पाला तिथल्या तिथं रजा दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं गावानं सगळा दोष सरकारच्या माथी मारला. सरकारचे दोष पुष्कळ होते, हा नव्हता. रजा मिळाली होती, नागप्पा गेला नाही. का गेला नाही हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आत काही हललंच नाही. शिवरुद्र एकटा परतला आणि नागप्पानं दुसऱ्या दिवशी पुढचं शेत धरलं.

लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत, खड्ड्यात बसवतात, हातात त्याचं गळ्यातलं इष्टलिंग देतात. नदीकाठच्या रुद्रभूमीत गंगम्माला तसं बसवलं. वर बसवायचा दगडही घडवून आणला होता. पण तो नवऱ्याच्याच हातानं बसला पाहिजे, असा चन्नबसम्माचा हट्ट. नागप्पा येईल तेव्हा काय विचारील हेही तिला ठाऊक होतं. तो विचारणार, किती लांब. म्हणून तिनं सोनपेठच्या बाजारातला अंबाडीचा नवाकोरा दोर आणवला. एक टोक तिथल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी धरायला लावलं आणि खड्ड्याच्या मध्याशी दोराला गाठ मारली. मग तेच टोक हद्दीच्या दगडाशी धरलं आणि दुसरी गाठ मारली. तो हद्दीचा दगड नागप्पानंच कधीकाळी पुरला होता. आकडा मोजायला तिला येत नव्हतं, पण लेकाचं शास्त्र तिनं बिनचूक केलं. दोर घरात खुंटीला टांगला आणि दगड कोपऱ्यात ठेवला.

नागप्पा आला तो थेट दसऱ्याच्या सुमाराला. तोवर श्रावणात गोदावरी चढून गेली होती. रुद्रभूमीवर ढोपरभर गाळ बसला, मातीचे उंचवटे सपाट झाले. लिंब आणि हद्दीचा दगड तेवढे जागेवर होते. चन्नबसम्मानं मोठ्या समाधानानं दोर काढून दिला.

दोर हातात घेताच नागप्पा थांबला. दोर नवा नव्हता, घासून मऊ झाला होता. आषाढात विहिरीचा दोर तुटला, मग पाणी कशानं शेंदायचं? म्हातारीनं खुंटीवरचा दोर घेतला होता आणि तीन महिने तो रोज भिजत, वाळत, घागरीच्या वजनानं ताणला जात होता.

"गाठी हायत की," चन्नबसम्मा म्हणाली. "एकबी सुटू दिली न्हाई म्या."

गाठी होत्या. गाठींमधला दोर तो राहिला नव्हता. नागप्पानं तो जरिबेशी लावून पाहिला. वाळला असताना पहिली गाठ तीस हातांवर येत होती, भिजवला की सत्तावीस. दुसरी गाठ वाळल्यावर चव्वेचाळीस, भिजल्यावर चाळीस. गंगम्माला बसवलं त्या दिवशी तो एवढा ताणलेला नव्हता आणि ओलीनं एवढा आखडलेलाही नव्हता, म्हणजे ह्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होता. कुठं, ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

मग त्यानं गोल काढले. लिंबाशी टोक धरून एक सत्तावीस हातांचा आणि एक तिसाचा, राखेनं. हद्दीच्या दगडापासून चाळिसाचा आणि चव्वेचाळिसाचा. नदीच्या अंगाला ते पाण्यात एकमेकांना कापत होते, ती बाजू सुटली. गावच्या अंगाला चार रेघांच्या मध्ये जमिनीचा एक तिरपा तुकडा सापडला, बैलगाडी उभी राहील एवढा. त्याच्या बाहेर गंगम्मा नव्हती. आत कुठंही असू शकत होती.

शिवरुद्र दगड डोक्यावर घेऊन उभाच होता. विधीला आलेले गुरू जंगमस्वामी म्हणाले, मधोमध ठेवा, देवाला सगळं कळतं. चारचौघांनीही तेच सांगितलं. नागप्पानं मान हलवली. मधोमध ती असेलच असं नाही, म्हणाला, आणि दगड घरी घेऊन चालायला लागला. चन्नबसम्मानं त्या दिवशी त्याला जे बोलून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही. गाव म्हणालं, ह्याला मढ्याचंसुद्धा माप पाहिजे. गावाचं फार चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर चार लहान दगड पुरले आणि आत कुणीही फावडं लावायचं नाही, असं बजावून तळावर निघून गेला.

पुढली वर्षं एकसारखी गेली. त्यानं दुसरं लग्न केलं नाही. दुःख म्हणावं तर ते दिसत नव्हतं. त्यालाही ते कुठं लागत नव्हतं. जेवायचा, साखळी ओढायचा, सणाला घरी यायचा. आला की रुद्रभूमीत जाऊन त्या तुकड्याला कडेकडेनं एक फेरी घालायचा, आत पाऊल टाकायचा नाही. घरात तो दगड कोपऱ्यात होताच, त्याच्यावर पाण्याची घागर ठेवायला लागले होते.

चन्नबसम्मा गेली तेव्हा तो घरी होता. सुनेशेजारी बसवा, असं तिनं सांगून ठेवलं होतं. नागप्पानं त्या तुकड्याच्या कडेपासून तीन हात सोडून खड्डा आखून दिला, माती ओढू लागला आणि त्याच दिवशी आईचा दगड बसवला. डोळ्यांत टिपूस नव्हता. शिवरुद्र सहा वर्षं गप्प होता, त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"मायचा दगड लगेच बसला, दाजी. माझ्या बहिणीचा कधी बसवणार?"

"मायची जागा मला ठाव हाय," नागप्पा म्हणाला.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या धामधुमीत मोजणीचे तळ उठले. नागप्पा घरी आला तो खोकला घेऊन, आणि अंथरुणाला खिळला. निजामाचं राज्य गेलं, चावडीवर नवा झेंडा लागला. शिवरुद्र हे सांगायला आला तेव्हा नागप्पानं हं म्हटलं आणि त्याला जवळ बसवून घेतलं.

"माझा खड्डा त्या चार दगडांच्या आत खण," म्हणाला.

शिवरुद्र बघतच राहिला. नऊ वर्षं तिथं गुरांनासुद्धा पाय ठेवू दिला नव्हता. "आत कुठं?" त्यानं विचारलं. "मापून देता का?"

"माप नको. कुठंबी खण. दुसऱ्या कुणासाठी खणताना तिला लागाय नको होतं, म्हणून आडवत होतो. माझ्यासाठी खणताना लागली तर लागू दे." त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "मला रजा मिळाली होती, शिवरुद्रा. तू आलास त्याच दिवशी. मी आलो असतो तर मापायचं कामच पडलं नसतं."

एवढं बोलल्यावर त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते त्यानं पुसलं नाही. ते येतंय हे त्याला कळलं की नाही, हेही शिवरुद्राला सांगता आलं नाही.

"आणि दगड?" शिवरुद्रानं विचारलं.

"तिचा हाय की कोपऱ्यात. तोच लाव, दोघांना एक. मी मोजून ठिवलंय. त्या तुकड्यात मला कुठंबी बसव, तिथून ती लांबात लांब सहा हात."

नागप्पा त्या आठवड्यातच गेला. शिवरुद्रानं चार दगडांच्या आत, मनाला येईल तिथं खणलं. नुसती गाळाची माती लागली, बाकी काही लागलं नाही. नागप्पाला बसवलं, माती सारखी केली. मग शिवरुद्र घरी गेला, घागर उचलून खाली ठेवली आणि तो दगड डोक्यावर घेतला.