आक्काचा टी-शर्ट आणि गावभरचा संशय

फ्लेक्सच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते गिऱ्हाईकाच्या मागोमाग आत येतात, स्टूल ओढून बसतात, आणि एखाद्या दिवशी डिझाईनची फाईल उडाली तरी हे काही डोक्यातून उडत नाहीत. येरमाळ्यात हायवेला माझं दुकान आहे. आमच्या पॉडकास्टचे टी-शर्ट, पिशव्या आणि चहाचे मग छापायला घेतल्यापासून तर विचारूच नका. प्रत्येक माणूस दुसऱ्यावर संशय घेऊनच पायरी चढतो!

आधी भानगड सांगते. माझा चुलतभाऊ नितीन 'आक्काचं म्हणणं' नावाचा पॉडकास्ट काढतो. त्यात एक बाई संसारातलं खरंखरं बोलते. ही आक्का कोण, ते फक्त तिघांना ठाऊक. नितीनला, मला आणि खुद्द तिला. ती नितीनची आई, म्हणजे माझी काकू!

काकूची एकच अट होती. "तुज्या नानाला कळता कामा न्हाय. कळलं की माजं बोलणं बंद." साठी उलटलेली ही बाई रेकॉर्डिंगच्या दिवशी केसांत फूल माळून कडब्याच्या खोलीत माईकपुढं बसते. ऐकणाऱ्याला फूल दिसत नाही, तरी माळते. हे बंद पडलं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं, म्हणून मीही जीभ आवरून होते.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला बायकोचा आवाज ओळखू येत नाही? नाना तर सकाळी दाढी करताना तिलाच ऐकतात! पण घरात काकू चार शब्दांच्या वर बोलतच नाही. नानांकडं ताडून बघायला नमुनाच नाही!

*

पहिल्या टी-शर्टवर आक्काचं गाजलेलं वाक्य घेतलं. 'ऐकायचं नसंल तर निदान मान तरी हलवू नका!'

नमुना दारात टांगला आणि तासाभरात दूध डेअरीवाले अण्णा आले. टी-शर्टाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, "आमच्या घरातलं बोलणं भाईर कसं काय आलं?"

"अण्णा, हे तुमचं नाही हो."

"मान म्याच हलवतो की!"

त्यांना कसंबसं लावून दिलं, तर दुपारी एक मास्तर. तीच तक्रार. संध्याकाळी सोसायटीचे एक मेंबर आले, तेही तेच! तिघांनाही खात्री की आपली बायको आक्काला जाऊन सगळं सांगते. मी मेंबरांना म्हटलं, "सकाळपासून तुम्ही तिसरे."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बाकीचे दोन कोण?"

*

आता माझी चूक सांगते.

कापडी पिशवीवर आक्काचं चित्र हवं होतं. चेहरा दाखवायचा नाही, म्हणून मी पाठमोरी बाई काढली. डोक्यावर पदर, हातात माईक. पुण्याला डिझाईन शिकले होते ना, तिथं चेहरा झाकला की माणूस लपतो! साडीला रंग सुचेना, म्हणून डोळ्यांपुढं काकूची होती तीच काढली. जांभळी, हिरव्या काठाची, पदरावर कोयऱ्या.

पिशवी टांगली, आणि बसची वाट बघणारी एक बाई जागेवरूनच ओरडली, "अगं, ही तर बाळूच्या लग्नातल्या आहेराची साडी!"

आमच्याकडं चेहरा एकवेळ विसरतील, पण कुणाच्या लग्नात कुणाला कुठली साडी नेसवली ते पिढ्यान् पिढ्या ध्यानात राहतं. नशीब एवढंच की बाळूच्या बापानं त्या साड्या गठ्ठ्यानं आणल्या होत्या आणि भावकीतल्या झाडून सगळ्या बायकांना एकसारख्या नेसवल्या होत्या. संशय आला, पण तो सगळ्यांत वाटला गेला.

आठवडाभरात भावकीतल्या सगळ्या जांभळ्या साड्या ट्रंकेत गेल्या. एकाही बाईच्या अंगावर दिसेना. एकटी बाळूची धाकटी चुलती मात्र तीच साडी लागोपाठ तीन दिवस नेसून स्टँडवर चकरा मारत होती. तिला आक्का व्हायचं होतं!

*

चहाच्या मगाचं डिझाईन काकूनंच मोडीत काढलं. हातात घेऊन आत डोकावली आणि संशयानं म्हणाली, "एवढा मोठा? ह्यात काय जनावराला पाणी पाजायचं?"

आमच्याकडं चहा म्हणजे अर्धा कप. पाव्हणा आमच्या घरी पोचेपर्यंत त्यानं दहा घरी 'अर्धाच द्या' म्हटलेलं असतं. भरलेला मग पुढं केला तर पाव्हण्याला वाटायचं, ह्यांचं आपल्याकडं काहीतरी काम निघालंय! मी पुण्याच्या होलसेलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, ह्याहून लहान मग येतच नाही.

काकूनं विचार केला आणि म्हणाली, "मग काचेचा घे. अर्ध्यात रेघ मार, आन् लिव्ह, 'हितवरच'."

सगळ्यात जास्त खपतो तो हाच मग!

*

नाना मात्र सीआयडी झाले होते. रोज दुकानात यायचे, खुर्चीत बसायचे आणि नवीन शोध सांगायचे. "ही बाई येडशीची हाय. मागं रेल्वे वाजती." ती रेल्वे म्हणजे कडब्याच्या खोलीशेजारची पिठाची गिरणी! दोन दिवसांनी म्हणाले, "न्हाय, शिकल्याली वाटती. नर्स असंल."

एकदा घरी काकू डाळ निवडत होती. नानांनी माझ्यासमोरच तिला विचारलं, "कोण असंल गं ही?"

काकूनं मानसुद्धा वर केली नाही. "मला काय म्हाईत."

नाना माझ्याकडं वळून म्हणाले, "हिला इचारून काय उपेग!" मी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत पळाले.

*

परवाची गोष्ट. एका भागात आक्का माहेरच्या विहिरीबद्दल फार सुंदर बोलली. गावाचं नाव घेतलं नाही. ती विहीर माकणीच्या धरणात कधीच बुडाली, आता जाऊन बघायचीही सोय नाही. आक्का बोलली तेवढ्यावरून मी कॅलेंडरसाठी चित्र काढलं. विहीर, उजवीकडं रहाट, मागं चिंचेचं झाड.

दुपारी नाना आले. टेबलावरचं प्रूफ उचललं, चष्मा लावला आणि किती तरी वेळ बघत राहिले. आज काकूचं बोलणं बंद होणार, असंच वाटलं.

नानांनी माझा पेन घेतला. रहाटावर काट मारून तो डाव्या बाजूला काढला. मग चिंचेशेजारी दुसरी चिंच काढली. फांद्यासुद्धा नीट काढल्या.

"दोन व्हत्या," ते म्हणाले. "पोरगी बघायला गेलतो तवा बैलं हितंच बांधली व्हती आमी."

नाना उठले, चप्पल घातली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"म्या ह्ये बघितलं म्हणून घरी सांगू नगं, पोरी. बोलायची थांबंल ती."