तिसऱ्या भागात नसलेला प्रसंग

विमलआत्याच्या सरणावर मी चुकीचं पुस्तक ठेवलं. तिची इच्छा काही फार अवघड नव्हती. “मले नेतानी बाकी काई ठेवा का नका ठेवू, राणीचा तिसरा भाग तेवढा उशाशी ठेवजा,” असं ती आम्हाला जेवताखाता सांगायची. ती गेली त्या सकाळी माझ्या मेहुणीचा, शुभांगीचा फोन आला, “भाऊजी, आत्या उठून नाही राहिली.” मी गेलो. आत्या तिच्या नेहमीच्या कुशीवर निजल्यासारखी होती. रडारड, फोन, तिरडी या गडबडीत पुस्तकाची आठवण मलाच झाली, याचा मला अभिमानही वाटला. पण आत्या आपल्या सगळ्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, त्यामुळं फळीवर सगळी सारखीच दिसत. मी त्यातलं सगळ्यात जाड उचललं. घाटावर कव्हराला जाळ लागला, कागद गुंडाळत मागं गेला आणि आत रंगीत कारलं दिसलं. मधुमेहात काय खाऊ नये हे सांगणारं ते वाचनालयाचं पुस्तक होतं. आत्यानं ते आणलं माझ्याच आग्रहावरून, आणि उघडलं मात्र कधीच नव्हतं. सगळी लढाईची पुस्तकं घरी ठेवून आमची आत्या पथ्यपाण्याचं पुस्तक घेऊन गेली. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शुभांगी त्या दिवसात पहिल्यांदा हसली, म्हणून मी ती चूक फारशी मनाला लावून घेतली नाही.

आत्या माझी नव्हे, माझ्या बायकोची, वैशालीची. सासऱ्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही, आणि एसटीत बायका कंडक्टर म्हणून नुकत्या दिसू लागल्या तेव्हा ही उमरेड-नागपूर गाडीवर तिकिटं फाडायला उभी राहिली. हात उचलायला तिला वेळ लागत नसे. एकदा एका पिऊन आलेल्या माणसानं गर्दीत एका बाईला धक्का मारला, तेव्हा आत्यानं तिकिटांची पत्र्याची पेटी त्याच्या नाकावर अशी हाणली, की त्या दिवशीची तिकिटं लाल ठिपक्यांची गेली. हे ती स्वतः रंगवून सांगायची. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा तिच्या पाया पडलो तेव्हाही तिनं हेच सांगितलं होतं, आणि मी पाय जरा जास्तच वेळ धरून ठेवले होते.

पुस्तकांचं वेड तिला लावलं शुभांगीनं. शुभांगी वैशालीची धाकटी बहीण. कॉलेजला ती उमरेडहून आत्याच्याच गाडीनं नागपूरला यायची आणि वाटभर मांडीवर पुस्तक असायचं. एका बर्फाळ राज्याची सतरा वर्षांची राणी, कान तुटलेल्या वाघिणीवर बसून लढणारी... पोरासोरांसाठी लिहिलेले त्याचे सात भाग. आत्यानं तिला विचारलं, एवढं काय आहे त्यात? शुभांगीनं सांगायला घेतलं. मग रोज एक लढाई. आत्या तिकिटं फाडता फाडता ऐकायची, पुढच्या चार बाकांवरचे लोक ऐकायचे. सेनापतीला विहिरीत उलटं टांगलं होतं, त्या दिवशी एक म्हातारबुवा आपल्या गावी उतरलेच नाहीत. “बाई, पुढचं तिकीट फाडा, त्याची दोरी तुटते का पायतो,” असं त्यांनी आत्याला सांगितलं म्हणे. वाघिणीबद्दल मात्र आत्याचं मत ठाम होतं. उमरेडच्या जंगलाकडची असल्यामुळं तिला वाघ कळत असे. वाघीण पाठीवर माणूस बसू देईल, पण त्याला गुदगुल्या झाल्यासारखं हसू देणार नाही, असं ती म्हणायची.

पुढं ती स्वतःच वाचू लागली. मराठीतलं संपलं की हिंदी, हिंदीतलं संपलं की इंग्रजी, शब्दाला शब्द लावत. शब्द अडला की फोन मला. मी सरकारी कचेरीतला कारकून. एकदा ऐन डब्याच्या वेळी तिनं विचारलं, “जवाई, डिसएम्बॉवेल म्हंजे काय?” मी फोन कानाशी धरून सगळ्यांसमोर खणखणीत सांगितलं, “कोथळा बाहेर काढणे.” आमच्या साहेबांनी डबा मिटला. आत्या मात्र समाधानानं म्हणाली, मलेबी तसंच वाटलं. भेंडी चिरताना ती मुंडकी कशी उडाली ते सांगायची आणि भेंडीही त्याच वेगानं चिरायची. मी वाचत असलेल्या, बक्षीस वगैरे मिळालेल्या कादंबऱ्यांवर तिचा जीव नव्हता. “तुमच्या पुस्तकात मानूस खिडकीपाशी बसते, अन् पुस्तक सरते,” असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नसे. बहुतेक वेळा मला त्या माणसाच्या आधी झोप लागलेली असायची.

शुभांगीचं लग्न झालं, नरखेडकडं. घरची संत्र्याची बाग, नवरा मंगेश देखणा, बोलायला मऊ. दिवाळीला मी आणि वैशाली जाऊन आलो, पोटभर संत्री खाल्ली, टोपलीभर घेऊन आलो. शुभांगी गप्प वाटली, तर मी म्हणालो, सासरी मुलगी गप्पच असते. ती आत्याला फोन करायची तेव्हा मंगेश शेजारी बसलेला असायचा आणि फोन स्पीकरवर. केवढं प्रेम, हेही मीच म्हणालो होतो.

मग एका रविवारी आम्ही आत्याकडं जेवायला गेलो असताना शुभांगीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती अगदी सहज आवाजात म्हणाली, “आत्या, तिसरा भाग परत वाचला वं मी. राजा राणीले बैलाच्या कोठ्यात कोंडते. पट्ट्यानं मारते. भाकर देत नाई. तुले आठवते नं तो प्रसंग?”

आत्याच्या हातात भातवाढणी होती. ती तशीच थांबली.

“आठवते नं,” ती म्हणाली. “मंग त्याच पानावर राणीची फौज येते.”

पलीकडून शुभांगीनं विचारलं, “येते?”

“येते.”

फोन बंद झाला. मी भाताची वाट बघत होतो. आत्यानं वाढणी खाली ठेवली आणि आम्हाला सांगितलं, “तिसऱ्या भागात राजाच नाई. राजा दुसऱ्याच भागात मेला.”

समजायला मला वेळ लागला, वैशालीला लागला नाही. ती उठून पर्स शोधू लागली. आत्यानं तिला बसवलं. तू गेली तर दारातच भांडशील, तो सावध होईल, असं ती म्हणाली. “जवाई येतील माह्यासंग. त्याईच्याकडं पाहून कोनी सावध होत नाई.”

दुपारच्या गाडीनं आम्ही गेलो. मंगेशनं आमचं हसून स्वागत केलं, पाणी दिलं, शुभांगी सावनेरला नातेवाइकांकडं गेली आहे म्हणाला. अंगणात तोडलेल्या संत्र्यांचा ढीग होता, विहिरीवरची मोटार दुरुस्तीला काढलेली होती. आत्यानं पाण्याचा पेला पायरीवर ठेवला आणि सरळ बैलांच्या कोठ्याकडं, म्हणजे गोठ्याकडं चालू लागली. गोठ्याच्या दाराला तार पिळून लावलेली होती. तिनं तारेला हात घातला तोच मंगेश धावला, मागून तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा नाही. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं.

मी आयुष्यात मारामारी केलेली नाही. शाळेत कबड्डीतही मी गुण लिहायला बसायचो. तरी मी त्याच्यावर धावून गेलो, आणि त्यानं मला एका हातानं संत्र्यांच्या ढिगावर फेकलं. संत्री वाटतात तितकी मऊ नसतात. चष्मा गेला. समोर जे धूसर दिसलं तो त्याचा घोटा होता, तो मी दोन्ही हातांनी धरला. त्यानं दुसऱ्या पायानं माझ्या तोंडावर लाथा घातल्या, एक दात तोंडातच फिरू लागला, पण मी घोटा सोडला नाही. याला लोक धैर्य म्हणतात. खरं म्हणजे चष्म्याशिवाय दुसरं काय धरावं ते मला दिसत नव्हतं. त्यानं खुंटीवरचा मोटारीचा पट्टा ओढून घेतला, तो माझ्या पाठीवर पडला, पुन्हा पडला. आणि मग तो आवाज आला. आत्यानं मोटारीशेजारचा लांब पाना उचलून त्याच्या मनगटावर घातला होता. कडक भाकरी मोडावी तसा, अगदी घरातलाच वाटेल असा आवाज. तो ओरडत खाली बसला. आत्यानं पाना पुन्हा उचलला, या वेळी त्याच्या डोक्यावर. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि ते बरंच झालं. तेवढ्यात फळ्यांच्या मागून शुभांगीचा आवाज आला, अगदी हलका... “आत्या, आधी दार खोल.”

आत्यानं पाना टाकला आणि तारेचा पीळ उलगडू लागली. शुभांगी बाहेर आली तेव्हा तिचं पोलकं पाठीला चिकटून वाळलेलं होतं.

मंगेश ठाण्यात गेला नाही. मनगट दाखवायचं तर पोरीची पाठही दिसली असती. शुभांगी आत्याकडं राहू लागली, फारकतीचा अर्ज झाला, तारखा पडत राहिल्या. आणि आत्याचं वाचणं बंद झालं. पुस्तक उघडायची, लढाई आली की मिटायची. घरात भाकरी करणंही तिनं सोडलं, नुसत्या मऊ पोळ्या. मी विचारलं तर म्हणाली, “त्या पुस्तकाईत तो आवाज कोनी लिवत नाई, जवाई. मुंडकी उडते, पन आवाज नाई.” जी बाई हसत हसत कोथळे काढायची, ती शेजारी कुणी नारळ फोडला तरी दचकायची.

शेवटी शुभांगीनंच तिला तिसरा भाग वाचून दाखवायला घेतला. त्यात एक पान आहे. राणी जिंकते, नदीवर जाऊन तलवार धुते, आणि तिथंच तिला ओकारी होते. वाघीण तिच्याकडं पाठ करून बसते, राणीला कुणी बघू नये म्हणून. आत्यानं ते पान पुन्हा वाचायला लावलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. तोवर असली पानं त्या दोघी लढाईच्या घाईत ओलांडून जायच्या. नंतर ती मला म्हणाली, की मोठ्या माणसांच्या पुस्तकात मारामारीनंतर लोक चहा पितात. पोरासोरांच्या पुस्तकात मारणारी पोट्टी रडते अन् तिला कोनी चूप बस म्हणत नाही. म्हणून ती हीच पुस्तकं वाचणार. आणि वाचली, शेवटपर्यंत, रोज. लढाई आली की थांबून विचारायची, हिच्या जखमेले मलम कोनी लावलं? लेखकानं सांगितलं नसेल तर त्याला उमरेडच्या डेपोत शोभणारी शिवी द्यायची.

तेरवी आत्याच्या घरापुढच्या मांडवात केली. पंगत बसली होती, मी वरण वाढत होतो. तेव्हा मंगेश आला, दोन नातेवाइकांना घेऊन. फोटोला हात जोडले. मनगट थोडं वाकडंच राहिलेलं दिसलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मऊ आवाजात शुभांगीला म्हणाला, “बाई होती तोवर ठीक होतं. आता कोनाच्या भरोशावर रायतं? चाल.” आणि तिचा हात धरून ओढलं. शुभांगीनं मांडवाचा बांबू धरला. त्यानं आणखी जोरानं ओढलं, बांगड्या फुटल्या, काच घुसून कोपरापर्यंत रक्त आलं. पंगतीत सगळ्यांचे हात भातात तसेच होते. कुणी उठत नव्हतं. पोट्टीची भांडणं, कोर्टात आहेत, तेरवीचं जेवण... माणसाला बसून राहायला कारणं पुष्कळ असतात, मला ती सगळी पाठ आहेत. मी अगदी जवळ होतो. माझ्या हातात चुलीवरून नुकतीच उतरवलेली वरणाची बादली होती.

पुढच्या क्षणी ती बादली रिकामी होती आणि मंगेश गुडघ्यापासून खाली वरणात होता. तो किंचाळला, हात सुटला. भाजलेल्या पायांनी तो मांडवात नाचला, एका खुर्चीवर आपटला, त्याचा एक नातेवाईक माझ्या अंगावर आला आणि मी रिकामी बादली चेहऱ्यासमोर धरली. त्याची मूठ पत्र्यावर बसली, बादलीचा काठ माझ्या कपाळावर. तेवढ्यात शुभांगी बोलली. ओरडली नाही. “मी येत नाई,” एवढंच म्हणाली, बांबू न सोडता. त्यानंतर पंगत उठली. आधी एक म्हातारी, मग तिच्या शेजारचा, मग सगळे, खरकट्या हातांनी. मंगेशला त्याच्या नातेवाइकांनी दोन्हीकडून धरून नेलं, आणि वरण संपल्यामुळं उरलेल्या पंगतीला नुसती कढी वाढावी लागली.

मी सगळ्यांची माफी मागत फिरलो. बादलीच्या कडीला तूप लागलं होतं, हात निसटला, असं आचाऱ्याला सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, विचारायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. शुभांगी तिथंच बसून हातातल्या काचा काढून घेत होती.

संध्याकाळी आत्याच्या खोलीत वैशाली माझ्या पायाला मलम लावत बसली. माझेही पाय भाजले होते, हे मला घरातल्या सगळ्यांच्या नंतर कळलं. पलीकडच्या खोलीत शुभांगी भांडी लावत होती. वैशालीनं मान वर न करता विचारलं, सांडलं का ओतलं? मी खरं ते सांगितलं. मला ठाऊक नाही. बादली जड होती, आणि त्याच वेळी त्याचे पाय मला अगदी स्पष्ट दिसत होते...

तिनं पट्टीची गाठ मारली. भांड्यांचा आवाज थांबला होता.

“ओतलं म्हना यापुढं,” वैशाली म्हणाली. “शुभी ऐकत असते.”