दाजींच्या पंख्याचं टोपरं

फुकट मिळणाऱ्या हवेसाठी आयुष्यभर एवढा घाम गाळलेला माणूस अख्ख्या हैदराबादेत आमच्या दाजींशिवाय दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. नांदेडहून नोकरीसाठी इथे आले, विद्यानगरात राहिले, आणि अक्काच्या आधाराने शिकायला आलेली मी पुढे दोन गल्ल्या सोडून कायमची वसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पंख्याखाली नुसतं बसलेलं पाहिलेलं नाही. कुणाच्याही घरी गेले की ते आधी घरच्या माणसांकडे नाही, छताकडे बघतात. मग पंख्याखाली उभे राहून डोळे मिटतात, गाल जरा पुढे करतात आणि दुःखी आवाजात म्हणतात, "आवाज फार, हवा कमी." नव्या माणसाला वाटतं, हे आपल्यालाच उद्देशून बोलले. एकदा ते तापाने फणफणले होते, म्हणून मी त्यांना कोठी भागातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावून "जोरात श्वास घ्या" म्हटलं, तर हे विचारतात, "किती जोरात?" आणि उत्तराची वाट न बघता टेबलफॅनकडे बोट करून म्हणाले, "याचं पातं उलटं बसवलंय, डॉक्टर. तुम्हाला वारा लागत नसेल." गेल्या उन्हाळ्यापासून लागत नाही खरा, असं डॉक्टरांनी कबूल केलं. मग पेशंट स्क्रूड्रायव्हर घेऊन टेबलावर वाकलेला आणि डॉक्टर जाळी धरून उभे, असं पंधरा मिनिटं चाललं. दाजींचा ताप तीन दिवसांनी उतरला. पंखा त्याच दिवशी बरा झाला.

घरी तर विचारायलाच नको. रविवारी सकाळी अक्का बुद्धवंदनेला बसते, दाजीही शेजारी हात जोडून बसतात. पण नजर अगरबत्तीच्या धुरावर. धूर सरळ चाललाय, कुठे वळला, का वळला, दाराच्या फटीतून वारा येतोय का, हे त्यांच्या चेहऱ्यावर वाचता येतं. वंदना संपली रे संपली की उरलेली अगरबत्ती त्यांच्या हातात असते आणि ते ती कुठल्या तरी नव्या पंख्याच्या तोंडाशी धरून पोटावर पालथे पडलेले असतात. "धूर खोटं बोलत नाही," असं ते म्हणतात. अक्का म्हणते, "धूर नाही बोलत, पण माझी चादर कामून जळाली ते तर सांगा."

मीही पुष्कळ दिवस विचारत होते की पंख्यात असं शोधण्यासारखं उरलंय तरी काय. ते एका कंपनीत फ्युएल सेलसाठी पंखे बनवत. फ्युएल सेल म्हणजे एक पेटी. तिच्यात एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूने साधी हवा, की धूर नाही, धडधड नाही, वीज तयार होते आणि थोडं पाणी निघतं. हवा आत ढकलायला पंखा लागतो आणि तो पंखा चालतो पेटीच्याच विजेवर. अडचण नेमकी तिथेच आहे, असं दाजी मला एका लग्नाच्या पंगतीत समजावून सांगत होते. "वाढपीच अर्धा स्वयंपाक खाऊन बसला तर पंगतीला काय उरणार?" असं म्हणून त्यांनी वाढप्याकडे असं काही रोखून पाहिलं की तो बिचारा आमच्या पानांत जिलेबी न वाढताच पुढे गेला. पण त्या दिवसापासून मलाही त्या वाढप्याची ओढ लागली. कमी खाणारा आणि भरपूर वाढणारा पंखा कसा असेल, हे मीही छताकडे बघत विचारू लागले.

तो पंखा घडवण्यात दाजींची सात वर्षं गेली. हाताच्या पंजात मावेल एवढं पात्यांचं चाक. पाती किती, किती वाकलेली, कडेला किती पातळ, याच्या वह्या भरल्या. चिक्कडपल्लीत एक लेथवाले चाचा आहेत. दाजी त्यांच्याकडून चाक कातून घेत, आठवड्याने परत आणत आणि केसभर कमी करा म्हणून सांगत. चाचा म्हणायचे, "क्या साब, पंखा है की मरीज है? हर हफ्ते लाको दिखाते." शेवटी कंपनीने सांगितलं की आता परीक्षा घेऊ. ठरलेली हवा ठरलेल्या विजेत दिली तर दाजींचा पंखा. नाही दिली तर बाहेरदेशाहून तयार पंखे मागवायचे आणि हे काम बंद. संधी दोनच मिळणार होत्या.

त्याच दिवसांत कंपनीच्या शेजारी इमारतीचं बांधकाम निघालं. पंख्यात धूळ जाते म्हणून दाजी जेवताना कुरकुरले. अक्काने ते ऐकलं आणि आपली जुनी सुती साडी फाडून, दुहेरी कापड घालून, कडेला इलॅस्टिक ओवून पंख्याच्या तोंडावर बसेल असं झाकण शिवलं. त्याला ती टोपरं म्हणायची. बाळाला वाऱ्यापासून जपायला टोपरं घालतात, हिने वाऱ्यालाच घातलं. परीक्षेच्या सकाळी तिने फोन केला, "लावलं का?" दाजी तिच्याशी कधी खोटं बोलत नसत. त्यांनी लगेच लावलं, हो म्हणाले, आणि विसरले. त्या दिवशी पंखा सपशेल नापास झाला. हवा तेवढीच द्यायची म्हणून तो धापा टाकत जोराने फिरत राहिला आणि वीज खात राहिला.

घरी दाजी चार दिवस नीट जेवले नाहीत. चाकच चुकलं, सात वर्षं चुकली, असं म्हणत राहिले. अक्का माझ्याकडे येऊन रडली. पाचव्या दिवशी ते पंखा तसाच पिशवीत घालून नवं चाक कातायला निघाले. मला त्यांना एकटं सोडवेना, मीही गेले. चाचांनी पंखा उलटसुलट केला, टोपरं बोटाने ताणून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "साब, मुँह पे कपड़ा बाँध को दौड़ाए तो कोन बी हाँपताच ना." दाजी स्टुलावर बसले. ज्या माणसाला परक्या दवाखान्यातलं उलटं पातं दिसतं, त्याला स्वतःच्या पंख्याच्या तोंडावरची बायकोची साडी दिसली नव्हती. मी हसायला लागले, पण त्यांनी हात धरून एवढंच सांगितलं, "अक्काला कळू द्यायचं नाही. तिला वाटेल तिच्यामुळे झालं."

दुसऱ्या वेळी तोच पंखा, टोपरं काढून, पास झाला. संध्याकाळी अक्काने विचारलं, "टोपरं होतं ना?" दाजी म्हणाले, "होतं की. म्हणून तर जमलं." मग काय, दर सहा महिन्यांनी अक्का नवं टोपरं शिवायची आणि हे ते डब्याबरोबर घेऊन जायचे.

यंदा दाजी निवृत्त झाले. कंपनीतलं सामान घरी आलं तेव्हा मी खोकी उघडायला गेले होते. एका खोक्यात वह्यांच्या खाली सगळी टोपरी होती, घडी घालून, एकावर एक. मी झाकण लावेपर्यंत अक्का मागे येऊन उभी राहिली होती. तिने एकेक उलगडून उजेडात धरलं. एकावरही धुळीचा डाग नव्हता. ती दाजींकडे बघत राहिली. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमच्याकडे हवा स्वच्छ होती."

अक्काने पदराने डोळे टिपले आणि मग हसली. "एवढी जपून ठेवलीत, तर आता वापरा," असं म्हणून तिने एक टोपरं घरच्या टेबलफॅनला मागून चढवलं. ते अजून तसंच आहे. परवा भर दुपारी गेले तर दाजी त्या पंख्यासमोर घामाने निथळत बसले होते. समोर हात धरून पाहिला, वारा जवळजवळ लागतच नव्हता. मी टोपरं काढायला उठले, तर त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली, गाल जरा पुढे केला आणि डोळे मिटून म्हणाले, "राहू दे गं. येतेय हवा."