अकरा डबे आणि एक किल्ली

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी आधी माझी चूक आठवते, तपास नंतर. तरीही कोणत्या तपासाचा अभिमान वाटतो असं कुणी विचारलं, तर खुनाचे आणि दरोड्याचे गुन्हे बाजूला ठेवून मी हाच सांगते. चोरीला गेले होते अकरा डबे. एकेक डबा साबणाच्या वडीएवढा. नावं कुणाचीच लिहीत नाही, त्याची गरजही नाही.

मी तेव्हा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका ठाण्यात गुन्हे निरीक्षक होते. आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे चोरीच्या फिर्यादी बहुतेक शुक्रवारी येतात. त्या शुक्रवारीही हजेरी आटोपते न आटोपते तोच पस्तिशीचा एक इंजिनिअर ठाणे अंमलदारासमोर येऊन उभा राहिला. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने दोन गाळ्यांत स्वतःचं काम सुरू केलं होतं. डोंगरदऱ्यांत लांबच्या प्रवासाला नेतात त्या उंच, दणकट मोटारसायकलींसाठी तो एक उपकरण बनवत होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "जबाब लिहून घेणाऱ्या माझ्या रायटरला कळेल असं सांगा, म्हणजे कोर्टालाही कळेल."

त्याने सांगितलं ते असं. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. उंच खिंडीत हवा विरळ होते, गाडीवर सामान लादलेलं असतं, आणि कंपनीचं ठरावीक माप तिथे चुकतं, गाडी गुदमरते. याचा डबा मध्ये बसून ते माप क्षणोक्षणी सुधारतो. ते माप जमवायला त्याला चार वर्षं लागली होती. पहिले अकरा डबे तयार झाले होते, आणि महिन्याभरात अकरा जण ते बसवून हिमालयात जाणार होते. त्या सहलीवर त्याच्या कामाचं पुढचं सगळं अवलंबून होतं.

घटनास्थळाचा पंचनामा केला. शटर शाबूत, कुलूप शाबूत. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र चोराने सोबत नेलेलं. म्हणजे आलेला माणूस माहितगार होता आणि किल्लीने आला होता. किल्ल्या दोन. एक मालकाकडे, दुसरी तिथे काम करणाऱ्या एका बाईंकडे.

या बाई शेजारच्याच गावच्या, पंचेचाळिशीच्या, शेतकरी घरातल्या. निम्मी जमीन कारखान्यांत गेल्यावर कामाला लागलेल्या. डब्यात सर्किट बसवून झालं की त्यावर काळा, रबरासारखा घट्ट होणारा रस ओततात, म्हणजे पाणी आणि हादरे आत पोचत नाहीत. ते ओतायचं काम त्यांचं. हात इतका स्थिर की मालक दुसऱ्या कुणाला करू देत नसे. सकाळी गाळा उघडायचा मानही त्यांचाच.

मी जबाब घ्यायला बसले.

"किल्ली कुठे असते?"

"कमरंला. झोपतानाबी."

"गुरुवारी कुठे होतात?"

"रानात. कांदा काढत व्हते."

"डबे शेवटी कुणी हाताळले?"

"मीच भरले न् कपाटात ठेवले."

"मालक सांगतात, भरताना तुम्ही दार आतून लावून घेता. का?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "धूळ येती," एवढंच म्हणाल्या आणि नजर खाली गेली.

ती खाली गेलेली नजर मी धरून ठेवली. फोनच्या ठिकाणावरून काही कळेना, कारण कारखाना आणि त्यांचं घर एकाच टॉवरखाली. दुसऱ्या दिवशी भर सकाळी मी जीप घेऊन त्यांच्या घरी गेले आणि झडती घेतली. सगळी आळी दारात उभी होती. कणगीपासून कपाटापर्यंत सगळं उलटंपालटं केलं. काही सापडलं नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, रडल्या नाहीत. आम्ही निघताना म्हणाल्या, "मॅडम, तुमी शोधताय ते माज्याकडं न्हाई."

त्याच दुपारी मालकाने त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली.

दरम्यान माझ्या हवालदाराने डब्याचे फोटो गॅरेजांमधून फिरवले होते. आठवड्याने आकुर्डीच्या एका जुन्या मेकॅनिकचा फोन आला. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

"मॅडम, तुमच्या फोटोतला माल माझ्या टेबलावर आहे. गिऱ्हाईक म्हणतंय, बसवून द्या."

"तोच आहे कशावरून, चाचा?"

"चाळीस साल झाले हात काळे करतोय. नव्या डब्याला कुणी पॉलिश पेपर मारतं का? ह्याच्या पाठीवर मारलाय. बरोबर नंबराच्या जागी. गिऱ्हाइकाला चहा पाजतोय, तुम्ही या. पण लवकर या, तिसरा कप चालू आहे."

गिऱ्हाईक निर्दोष निघालं. त्याने डबा पिंपळे गुरवमधल्या एका नव्या दुकानातून घेतला होता. दुकानात उरलेले दहा सापडले. नंबर घासलेले, नवीन रंग, नवीन स्टिकर. दुकानदार कोण, तर याच इंजिनिअरकडे दोन वर्षं गाड्या चालवून बघायचं काम केलेला रायडर, सहा महिन्यांपूर्वी भांडून निघालेला.

मला वाटलं, संपलं. पण रायडर तयारीचा होता. चौकशीत तो घाबरलाच नाही.

"मॅडम, डबे माझे आहेत, मीच बनवलेत. रंग द्यायच्या आधी पाठ घासावीच लागते. साहेब लॅपटॉप घेऊन खुर्चीत बसायचे. भीमाशंकरचा घाट उन्हात-पावसात कोण चढलं? मी. कुठे गाडी गुदमरते ते कुणाच्या पाठीला कळलं? माझ्या. माप माझंच आहे."

मी फिर्यादीला विचारलं. तो प्रामाणिक होता, म्हणाला, "टेस्टिंग त्यानेच केलं, हे खरं आहे. पण डबे मी बनवलेत."

मापाच्या फायली दोघांच्याही लॅपटॉपवर होत्या. रायडरचा वकील म्हणाला, फायलींवरच्या तारखा कुणीही बदलू शकतो. सर्किटचे भाग तर बाजारात कुणालाही मिळतात. मग रायडरने मुद्देमाल परत मिळावा म्हणून रीतसर अर्ज केला. अर्जासोबत प्रत्येक डब्यात काय काय आहे याची दोन पानी यादी. स्क्रूच्या मापापर्यंत. खाली सही आणि वाक्य: 'सर्व डबे मी स्वहस्ते भरले असून यादीव्यतिरिक्त आत काहीही नाही.' यादी अचूक होती. वरिष्ठ मला म्हणाले, "हा दोन भागीदारांचा दिवाणी वाद दिसतोय. जास्त वेळ घालवू नका."

दिवाणी वाद म्हणजे वर्षांमागून वर्षं. तोवर डबे रायडरचे, आणि चोर म्हणून गावात नाव त्या बाईंचं.

मी सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. बाईंच्या जबाबावर थांबले. त्यांनी काहीतरी लपवलं होतं, याबद्दल माझा अंदाज चुकला नव्हता. पण त्या काय लपवतायत, हे मी त्यांना विचारलंच नव्हतं. मी फक्त डब्यांचं विचारत राहिले. झडतीच्या दिवशी त्यांनी सांगूनही टाकलं होतं: तुम्ही शोधताय ते माझ्याकडे नाही.

दुपारी साध्या कपड्यांत, एका महिला शिपायाला घेऊन गेले. बाई अंगणात कांदा निवडत होत्या. मीही बसले आणि निवडायला लागले.

"बाई, चोरीचं विचारत नाही. दार लावून काय करता, तेवढं सांगा."

"साहेबाला सांगशीला."

"सांगावं लागलं तर सांगेन. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी हातातल्या कांद्याची पात तोडली. मग कांदा खाली ठेवला.

"तिथं डोक्याला टोपी घालावी लागती. एक केस पडला तरी साहेब वरडतो. आन् मी परत्येक डब्यात तांदळाचा दाणा टाकते. कुंकवाचा. मग त्यावर काळं ओतते."

"का?"

"आवो, ती गाडी कुटं जानार? बर्फात. मानूस एकला. गाडी थांबली तर त्याला कोन हाय? आमी घरात नवी वस्तू आली तरी अक्षत टाकतो, आन् ह्याच्यावर तर जीव टांगलेला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एका कोपऱ्यात काय बी नसतंय, वायर न्हाई, काय न्हाई. तिथंच ठेवते. बघून ठेवते. पर साहेबाला कळलं तर नोकरी जाईल माजी."

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. त्या जे लपवत होत्या, तेवढंच त्यांना सोडवू शकत होतं.

त्यानंतर मी घाई केली नाही. आधी त्यांचा पुरवणी जबाब घेतला, कोणत्या कोपऱ्यात दाणा असतो त्याची आकृती त्यांच्याच हाताने काढून घेतली, लिफाफा सीलबंद करून न्यायालयात दाखल केला. तीन डबे उघडायची परवानगी मागितली, ती मिळाली. सगळे उघडले असते तर फिर्यादीचं सगळं कामच गेलं असतं, कारण तो काळा रस खरवडला की डबा निकामी होतो. कोणते तीन, ते पंचांनी निवडले. शासकीय तंत्रनिकेतनातल्या एका प्राध्यापकांना बोलावलं. फिर्यादी, बाई, रायडर, त्याचा वकील, सगळे हजर. रायडरचा अर्ज मी मोठ्याने वाचून दाखवला आणि विचारलं, "यादी पूर्ण आहे ना?"

"एकदम पूर्ण, मॅडम."

प्राध्यापकांनी गरम हवेने रस मऊ केला आणि चिमट्याने सोलत गेले. कोपऱ्यात आले आणि थांबले. चष्मा वर केला, परत खाली केला. चिमट्यात लालसर तांदळाचा दाणा होता.

"हे... हे काय आहे?" रायडर म्हणाला.

"तुमच्या यादीत नाही का?" मी विचारलं.

दुसऱ्या डब्यात तिथेच. तिसऱ्यातही तिथेच. न्यायालयातून आणलेला सीलबंद लिफाफा फोडला, आकृती जुळली. वकिलांनी आपले कागद गोळा करायला सुरुवात केली. संध्याकाळच्या आत रायडरने बनावट किल्ली स्वतः काढून दिली. गाडीच्या हत्यारांच्या पिशवीत ठेवली होती. कामावर असताना, पहाटे टेस्टिंगला निघायच्या आधी तो बाईंच्या घरून किल्ली मागून घेत असे, त्यातच एकदा ठसा घेतलेला.

माझा हवालदार मुद्देमालाची यादी लिहायला बसला. "मॅडम, हे काय लिहू?"

"आहे तेच लिही. तांदळाचा दाणा, कुंकू लागलेला, नग तीन."

"इंद्रायणी का कोलम?"

कोपऱ्यात बसलेल्या बाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या, "इंद्रायणीच हाय. घरचा."

फिर्यादी त्यांच्याकडे बघत राहिला. तोंडातून निघालं, "ओलावा धरला असता हो..."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वर्दीत, भर सकाळी, जीप घेऊन त्याच आळीत गेले आणि त्याच जागी उभी केली. लोक जमेपर्यंत थांबले. मग सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात बाईंना सांगितलं की चोर सापडला, तुमच्यामुळे सापडला, आणि झडती ही माझी चूक होती. कुठल्याही नियमात हे बसत नाही. पण जीप सगळ्यांसमोर नेली होती, तर ती सगळ्यांसमोरच परत न्यायला हवी होती.

दोषारोपपत्र मी निवृत्तीपूर्वी दाखल केलं. निकाल न्यायालयाचा, तपास आमचा, आणि तो तपास कुणीही उलटून पाहावा, मला चिंता नाही. संशयिताची नजर खाली गेली की तो काहीतरी लपवतोय, हे पोलिसाला पहिल्या वर्षी कळतं. तो लपवतोय ते आणि आपण शोधतोय ते वेगळं असू शकतं, हे कळायला मला जवळजवळ अख्खी नोकरी लागली.

गेल्या वर्षी त्या बाजूला गेले होते म्हणून गाळ्यावर डोकावले. जेवणाची सुट्टी संपत आली होती. शटर बंद, आणि बाहेर सावलीत चार कामगार आणि मालक स्वतः उभा. मालकाने काम कसं चाललंय ते सांगितलं. डबे हिमालयात जाऊन आले होते, अजून जात होते. कामाच्या तक्त्यावर आता एक जादा पायरी होती: दाणा भाजून, कोरडा करून, वार्निशात बुडवून मगच ठेवायचा.

"मग बाहेर का उभे?" मी विचारलं.

"बाई घरी जेवायला गेल्यात. येतीलच."

"तुमच्याकडे दुसरी किल्ली होती ना?"

"होती," तो म्हणाला. "तीही त्यांनाच दिली."