शेकर बायांच्या पंगतीत

जळगावच्या स्टेशनात गाडी सुटायच्या आधी माझे वडील, आबा, एवढंच बोलले. "मन लागनं नही ते परत येजो, पोरी. घर आठेच शे." मन रमलं नाही तर परत ये, घर इथेच आहे, असं ते म्हणत होते. मी मान हलवली. पण एरंडोलच्या त्या घरात माझ्या वाट्याला मागची खोली आली होती. नकळत्या वयात कुंकू पुसलं गेलं, आणि कानबाईच्या सणालाही मी दारामागून गाणी ऐकायची. धुळ्याच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मला नर्सिंग शिकायला अमेरिकेला नेत होत्या. आबांनी भाऊबंदांच्या नाकावर टिच्चून हो म्हटलं, हे मी कधी विसरले नाही.

एरंडोलच्या माझ्या भावजयांनो, आणि घर सोडून दूर गेलेल्या पोरींनो, तुम्ही नेहमी विचारता की तिकडे मी काय खाल्लं. तर ऐका.

ट्रेनिंगच्या सुट्टीत डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या मावशीकडे धाडलं. या मावशी, सिस्टर मार्था, शेकर पंथाच्या गावात राहायच्या. फार पूर्वी एका लोहाराच्या लेकीने इंग्लंडातून मूठभर माणसं बोटीने आणून हा पंथ तिकडे रुजवला. देव बाप आहे तशी आईही आहे, अशी त्यांची श्रद्धा. प्रार्थनेत त्यांची अंगं थरथरत, म्हणून लोकांनी चिडवायला 'शेकर' म्हटलं. आपल्याकडेही देवी अंगात येते, हे सांगितलं तेव्हा मार्था मुळीच हसल्या नाहीत. तिथे लग्न कुणी करत नाही. शेत, दुकान सगळं सगळ्यांचं. बाया-पुरुष एका छपराखाली राहतात, पण जिने वेगळे, आणि कारभारात बाईचा शब्द पुरुषाइतकाच चालतो. जे एकटेपण माझ्या कपाळी मारलं होतं, ते या बायांनी आपणहून घेतलं होतं आणि ताठ मानेने जगत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला.

जेवणात मात्र मी फसले. लांब टेबल, सगळ्या मुकाट. ब्रेडचं ताट समोर आलं, मी रीतीप्रमाणे हातानेच 'नको' केलं. आपल्याकडे पहिलं नको हे नको नसतंच. वाढणारीने आग्रह करायचा, आपण जरा लाजायचं. ताट पुढे गेलं ते गेलंच. तिथली रीत अशी की हवं तेवढं घ्यायचं आणि घेतलेलं कणभरही टाकायचं नाही. मी उपाशी उठले. मार्थांना कारण सांगितलं, तर त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर बोलायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ताट बोटाने माझ्याकडे सरकवलं. मी नको केलं. मी घेईपर्यंत त्या सरकवत राहिल्या, चेहरा अगदी प्रार्थनेतला.

ट्रेनिंग संपताना त्यांनी विचारलं, इथेच राहशील का? मी सवयीने नको म्हटलं. या वेळी त्यांनी आग्रह केला नाही. राहायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं, असा त्यांचा नियम. तोवर माझं सगळं दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. आपलं आपण ठरवायची वेळ आली तेव्हा मी घाबरले, आणि मग ठरवलं.

मी परत आले, पण एरंडोलला नाही. धुळ्याला नर्स झाले, घर भाड्याने घेतलं. माझ्यासारख्या घरून टाकलेल्या काही जणी हळूहळू तिथे राहायला आल्या. चूल एक, कामं वाटून, भिंतीवर, शेकरांकडे कपडे-खुर्च्या टांगायला असते तशी, खुंट्यांची रांग. आबा रुसले. परत ये म्हटलं होतं ते या घरी नव्हे. समुद्र ओलांडून आलेल्या लेकीच्या घरी, नाना जातींच्या बायांच्या पंगतीत जेवायचं म्हणजे गावाशी वैर. आबांनी एकदा तरी इथे जेवावं, एवढंच मला हवं होतं.

एका सकाळी आबा दारात उभे, उपरण्यात भरताची वांगी. मी भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. भाकरी पुढे केली तर म्हणाले, "नको." आणि मी, शेकरांत राहून आलेली शहाणी, गप्प बसले. ज्याचं त्याने ठरवावं. आबा नुसत्या भरिताकडे बघत राहिले, आणि माझा जीव टांगणीला. मग मला मार्थांचं बोट आठवलं. काही न बोलता मी भाकरीची टोपली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी हाताने नको केलं. मी पुन्हा सरकवली.

आबा मिशीत हसले. त्यांनी भाकरी मोडली, भरिताशी पहिला घास खाल्ला आणि डाव्या हाताने सारवलेल्या जमिनीवर थाप मारली.

"घर आठेच शे," म्हणाले.