भेसळीची बॅटरी
गोडसर, उग्र असा प्लास्टिकचा धूर नाकात गेला की मला शिर्डीतली मामांची देवळासाठी हार बनवायची खोली आठवते. खोलीला दार एकच, आणि चोरीच्या भीतीने मामा इलेक्ट्रिक सायकल त्या दारातच आडवी लावून चार्ज करायचे. बॅटरी गल्लीतल्या मिस्त्रीने बांधलेली, त्यात जुन्या लॅपटॉपचे थकलेले सेल आणि नवे सेल एकत्र. "मामा, ही भेसळ आहे. थकलेला सेल तापून पेटतो," मी हातातलं बॅटरी-सुरक्षेचं पत्रक दाखवत बजावलं. "मापाला सारखेच हायेत की! तुझ्या पत्रकावर सायकल चालती का रं?" त्याच दुपारी बॅटरी फुसफुसली आणि दार धुराने बुजलं. मामा, मामी आणि मी गुलाबांच्या ढिगात मागच्या भिंतीला चिकटलो. ओरडायलाही श्वास पुरेना. शेवटी मामांनी हार टांगायच्या बांबूने सायकल गल्लीत ढकलली. आम्ही खोकत बाहेर आलो. धूर निवल्यावर मिस्त्री बॅटरी उघडून म्हणाला, "चारच सेल गेलेत, दुसरे बसवून देतो." मी त्याच्या अंगावर धावलो, तर मामांनी माझाच दंड धरला. "गप बस! पहाटच्या आरतीला हार तू डोक्यावर नेणार हायेस व्हय?" मी आज चौकाचौकात या भेसळीविरुद्ध बोलतो. मामांची सायकल तसल्याच बॅटरीवर पळते, आणि ती चार्जिंगला लावली की मामी बाहेर ओट्यावर जाऊन बसते.