तिसऱ्या रिळाचं पाणी

२३ डिसेंबर १९४६. सकाळपासून मी विहिरीवर पडद्याची खळ काढत बसले होते. दोन मोठ्या चादरी मधोमध शिवून केलेला हा पडदा वर्षभर शाळेच्या पेटीत असे. यंदा कोणीतरी हौसेने त्याला कडक खळ करून ठेवली होती. खळीचं कापड पाणी पीत नाही, आणि आमच्या पडद्याला पाणी प्यावंच लागे.

पाथर्डीकडच्या एका खेड्यात मी मिशनच्या शाळेत शिकवत होते. दर नाताळात नगरहून मोटारीतून यंत्र येई आणि ख्रिस्तजन्माचा तोच मूक सिनेमा शाळेच्या पटांगणात दाखवला जाई. शहरात बोलपट येऊन बरीच वर्षं झाली होती. आमच्याकडे मात्र तीच चार रिळं, आणि गोष्ट सांगायला पडद्याशेजारी उभे राहिलेले पाळकसाहेब. ख्रिस्ती असो नसो, सगळा गाव येई. पुरुष पडद्यापुढे बसत, बायका पडद्यामागे. मागून चित्र दिसायचं तर कापड ओलं हवं, म्हणजे उजेड आरपार येतो. दर रिळाआधी तांब्याने पाणी मारायचं काम माझं. डिसेंबरच्या वाऱ्यात पडदा पाव तासात वाळे.

मागून सगळं उलटं दिसे. पुरुषांचं गाढव उजवीकडे जाई, आमचं डावीकडे, आणि त्यावरून घराघरांत दोन दिवस वाद चालत. त्या गाढवावर ओझं नीट लादलेलं नाही असं म्हातारे दरवर्षी सांगत. पोरं उंटांसाठी येत. पण खरी गर्दी तिसऱ्या रिळासाठी. त्यात राजाचे शिपाई तलवारी उपसून घराघरांत शिरतात आणि तान्ही पोरं शोधून मारतात. पुढे आरडाओरडा होई, मागे बायका पदर डोळ्यांना लावत. सगळ्यांना ते तोंडपाठ होतं.

विहिरीवर पाणी भरायला एक मावशी आल्या. गावातल्या कुणबी घरातल्या, जिभेच्या तिखट. त्यांची सून राहात्याकडची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून दर नाताळात पडद्यामागे माझ्याच शेजारी बसायची. श्रावणात तिचं अकरा महिन्यांचं मूल तापाने गेलं. त्यानंतर ती जवळजवळ बोलेनाशी झाली. कार्तिकात शेजारच्या बारशाला तिला नेलं, तर पाळण्याशी जाऊन अशी किंचाळली की बायका मुलाला घेऊन पळाल्या. तेव्हापासून गाव तिला वेडी म्हणू लागलं.

मावशींनी कळशी ठेवली आणि सांगितलं, की नाताळ झाला की सुनेला गाडीत घालून राहात्याला पोचवायचं ठरतंय. परत आणायचं नाही, मुलाचं दुसरं बघायचं. मुलगा काय म्हणतो, असं मी विचारलं. मुलगा काही म्हणत नव्हता.

"नक्की ठरलं?" मी विचारलं.

"आजून न्हाई. पर चारचौघांत पुन्हा तसं केलं, तर दुसऱ्या दिशी गाडी जुपते. मग तुमी बी मधी पडू नका, बाई."

मग तिला सिनेमाला आणू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

"घरी एकलीला ठिवू? पडकी हीर हाय परसात. आन् मी न्हाई आले तर तुमच्या उंटास्नी करमंल का?"

त्या स्वतः सिनेमा सोडणार नव्हत्या हे उघड होतं. मी पडदा पिळला आणि तशीच यंत्रवाल्याकडे गेले. तिसरं रीळ आज वगळा म्हटलं. तो म्हणाला, मागच्या गावात ऐन उंटांवर फीत तुटली म्हणून लोकांनी मोटार अडवून धरली होती, तुमच्या गावात शिपाई नसले तर मला जिवंत सोडतील का? पाळकसाहेबही नाही म्हणाले. गोष्ट मधून तोडता येत नाही, म्हणाले. ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण मला गोष्टीची काळजी नव्हती. ती पोर किंचाळली तर तिचं घर जाणार होतं, आणि तिला किंचाळायला लावायला ते एक रीळ पुरेसं होतं.

संध्याकाळी पडदा बांधताना मला उपाय सुचला. तिसऱ्या रिळाला पाणी मारायचंच नाही. पुढच्यांना सगळं दिसेल, मागे नुसता धुरकट उजेड. बायकांचा रोष मी घेईन.

अंधार पडला आणि खेळ सुरू झाला. मावशी बायकांच्या पहिल्याच ओळीत घोंगडी पसरून बसल्या. सून त्यांच्या आणि माझ्या मध्ये. पहिल्या रिळाला ती मान खाली घालून होती. दुसऱ्या रिळात उंट आले, तेव्हा तिने वर पाहिलं. रीळ बदलायला यंत्र थांबलं तेव्हा मी स्टुलावर चढले नाही. भरलेल्या बादलीवर झाकण ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

तिसरं रीळ लागलं. पडदा वाळत चालला होता. आधी माणसांचे चेहरे गेले, मग भिंती. बायका कुजबुजू लागल्या. पाणी संपलं, असं मी सांगितलं.

"मंग त्या बादलीत काय दूध हाय?" मावशी म्हणाल्या. चारजणी हसल्या.

मी झाकणावरचा हात काढला नाही. आणि तेवढ्यात माझी चूक माझ्या लक्षात आली. चित्र मी बंद केलं होतं, आवाज नाही. कापडापलीकडून पाळकसाहेबांचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. शिपाई वेशीत आले, पहिल्या घरात शिरले, दुसऱ्या घरात शिरले. पुढचे पुरुष ओरडत होते. ज्यांना सगळं पाठ आहे त्यांना आंधळं करून बसवलं, तर ती माणसं डोक्यात त्याहून भयंकर बघतात. शेजारच्या पोरीचा श्वास मला ऐकू येत होता. तिने लुगड्याचा काठ मुठीत आवळला होता.

ती उठून उभी राहिली. मावशींनी तिचा पदर धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

ती किंचाळली नाही. कितीतरी दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला. थोडा घोगरा होता, पण साधा.

"बाई, पानी मारा. रांजनावरची बाई दिसंना."

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. त्या रिळात कडेला, एका दारात, एक बाई दिसते. आपलं मूल ती रिकाम्या रांजणात लपवते, वर झाकण ठेवते आणि त्यावर बसून धान्य निवडत राहते. सगळं मिळून काही क्षणांचं. पुरुषांपैकी कोणाच्या ते ध्यानात असेल असं मला वाटत नाही. माझ्याही नव्हतं.

तांब्या शोधायला वेळ नव्हता. मी अख्खी बादली पडद्यावर फेकली. कापड चिकटलं, हललं आणि चित्र एकदम वर आलं. बाई रांजणावर बसलेली होती. शिपाई तिच्यासमोर थांबला होता. इकडे सून उभीच होती, मावशींच्या हातात तिचा पदर तसाच. शिपायाने घरात डोकावलं, बाईकडे पाहिलं आणि तो पुढे निघाला.

"गेला," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग ती रडली. पण तिसऱ्या रिळाला सगळ्याच बायका रडत. त्यात तिचं रडणं वेगळं काढून दाखवता आलं नसतं. मावशींनी पदर सोडला आणि आपलं नाक पुसलं.

खेळ संपल्यावर त्या काय म्हणतात याची मी वाट पाहत होते. त्यांनी घोंगडी झटकली. "सगळी भिजवली, बाई, तुमी," एवढंच म्हणाल्या आणि सुनेला चल म्हणाल्या. गाडीबद्दल अक्षर नाही.

मला रात्रभर तेच घोळत राहिलं. अंदाज करत बसण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा चहा व्हायच्या आत मी त्यांच्या दारात गेले आणि सरळ विचारलं, गाडी कधी निघणार. मावशी ज्वारी पाखडत होत्या. बैलं मोकळी नाहीत, म्हणाल्या. कधी होतील, असं मी विचारलं नाही. नाताळच्या करंज्यांना माझ्याकडे हात कमी आहेत, सुनेला पाठवा, म्हटलं. त्यांनी सूप थांबवलं नाही.

"दुपारपतूर. जेवायला घरी धाडा."

सून आतून ऐकत असावी. केस बांधून ती बाहेर आली आणि माझ्यामागे चालू लागली. शाळेत आल्यावर मी तिला परात दिली आणि पीठ मळायला बसवलं.